स्ट्रायकर मी का सोडला

निशी-कसाईकर मंडळी, आज आपल्या फुटबॉल लीगसाठी खेळाडू निवडले. प्रत्येक संघाला शंभर पॉइंट, त्यातच अकरा जण बसवायचे.

गेल्या मोसमात माझ्या संघातली चार पोरं प्रोजेक्ट संपून मध्येच मायदेशी, पुण्याला परत गेली आणि संघ बाद झाला. म्हणून यंदा मी आधी टिकणारे गडी उचलले.

शेजारच्या फुनाबोरी संघाच्या कुलकर्ण्याने साठ पॉइंट एकट्या स्ट्रायकर निखिलवर ओतले. वर मला म्हणतो, "काकू, ही काय भाजी निवडणं आहे?"

मग तो सरावाचे दिवस ठरवायला लागला, तसा निखिल म्हणाला, "दादा, माझं प्रोजेक्ट संपलं. मी महिनाअखेरीस चाललो."

"आधी बोलायचंस ना!"

"विचारलंत कुठे?"

मला विचारायची गरजच नव्हती. मी या पोरांना डबे देते. निखिलने परवाच पुढच्या महिन्यापासून डबा बंद सांगितला. माझ्या अकराही जणांनी वर्षभराचा लावलाय.

कुलकर्ण्या, दिलेले पॉइंट परत मिळत नाहीत. बाकीच्यांनो, सांगा, माझं काही चुकलं का?