सरळ धावलेली गोळी

मला पारखायला शिकवलं ते गणूमामांनी. गाझियाबादच्या आमच्या बॅटरी कारखान्यात वितळत्या शिशाचा वास आला, की त्यांचं अंगण आठवतं.

मी नुकताच पदवीधर झालो होतो. भात तुडवणाऱ्या रानडुकरासाठी मामा अंगणात शिसं वितळवून ओतलेल्या गोळ्यांतून ठासणीच्या बंदुकीची गोळी निवडत होते. मी सर्वांत चकचकीत गोळी उचलली.

"सोयरीक जमवतोस काय, पदवीधर? परातीत घरंगळव. आतून पोकळ असली तर डुगडुगते. तिनं नेम चुकतो, आणि जखमी डुक्कर माझ्यावर उलटतं."

सरळ धावलेली गोळी मी दिली. मामांनी ती न तपासताच ठासली. तेव्हा वाटलं, घाई असेल.

काल मी तपासणी विभागाचा प्रमुख झालो. लगेच पत्र टाकलं: "मामा, माझी गोळी तुम्ही न तपासता ठासलीत, मी पास त्याच दिवशी झालो."