भूकंपाची कार्टून मालिका

माझी मुलगी बोर्डीच्या शाळेत नववीला होती, तेव्हा तिच्या मैत्रिणींना एका जपानी कार्टून मालिकेचं वेड लागलं होतं. भूकंपात आईपासून ताटातूट झालेल्या मुलीची ती गोष्ट होती.

"आई, बघू का गं मी?" तिने विचारलं.

आमच्या झरी गावात आमच्याही घराला काही वर्षांपासून भूकंपाचे हादरे बसत होते. भिंतीला भेग गेली होती आणि एवढी मोठी पोर अजून माझा हात धरून झोपायची.

"आधी मी बघते, मग सांगते," मी म्हटलं.

रविवारी दुपारी ती शेजारी गेल्यावर मी मोबाईल घेऊन बसले. पडद्यावरची मुलगी टेबलाखाली शिरली आणि भांडी खडखडू लागली. मला पुढे बघवेना, म्हणून मी मालिका थांबवली. खडखड मात्र थांबली नाही. ती आमच्या मांडणीवरच्या भांड्यांची होती!

मी मोबाईल हातात धरूनच अनवाणी बाहेर पळाले. समोरून माझी मुलगी "आई! आई!" करत धावत आली आणि मला बिलगली. जमीन थांबल्यावरही आत जायचा धीर होईना.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "त्या मुलीला तिची आई सापडते का?"

"तिथवर बघितलंच नाही मी."

"मग बघूया ना, दोघी मिळून."

मला नाही म्हणवेना. अंगणातल्या बाजेवर बसून, जमिनीकडे कान ठेवून, आम्ही मालिका पहिल्यापासून लावली.