दादांचा मेंदू आणि पाच कार्डं

दादांचा मेंदू मुंबईला पोहोचवायची जबाबदारी माझ्यावर होती, आणि दादा तर तो अजून वापरत होते!

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. माझे वडील, म्हणजे दादा, ठाण्याच्या शाळेत गणित शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. कोपरीच्या घरात बसल्या बसल्या त्यांनी कुठेतरी वाचलं, की मेल्यावर आपला मेंदू डॉक्टरांच्या अभ्यासाला देता येतो. झालं! अर्ज मात्र मी आणायचा. मुंबईच्या डॉक्टरी कॉलेजात मी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला कारकून म्हणाला, "सगळ्या जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती आणा. एकाचीही नसेल, तर आम्ही हात लावणार नाही."

"आक्का देईल का रे?" दादा काळजीने म्हणाले. आक्का म्हणजे त्यांची कल्याणची थोरली बहीण, माझी आत्या.

मी थकलो होतो. कल्याण-डोंबिवलीत दारोदार फिरायचं त्राण नव्हतं, म्हणून पाच कार्डं लिहिली. 'दादांच्या मृत्यूनंतर त्यांचा मेंदू...' अशी थेट सुरुवात. शास्त्राच्या कामात देव कशाला, म्हणून वर 'श्री' लिहायचंही टाळलं. (केवढा हा पुरोगामीपणा!)

आता, 'श्री' नसलेलं कार्ड आपल्याकडे फक्त कुणी गेल्याचंच येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पदवीधर होतो. असं कार्ड फाडून टाकतात आणि डोक्यावरून आंघोळ करतात. आत्याने पहिले दोन शब्द वाचले, कार्ड फाडलं आणि आंघोळ केली. बाकीच्या चार घरांतही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही घरं आमच्या दारात! सगळ्यांत पुढे आत्या. "वामना रे! न भेटताच गेलास रे!"

दार दादांनीच उघडलं. अर्ध्या गालाला साबण.

"कोण गेलं, आक्का?"

"तू!"

"मी? मला कुणी सांगितलं नाही!"

मी चाचरत सगळा खुलासा केला. आत्याचे डोळे क्षणात कोरडे झाले. "मेल्या, थंड पाण्याने आंघोळ केली मी! आणि मेंदू काढणार? पुढच्या जन्मी रिकाम्या डोक्याने येऊ दे का त्याला? माझी सही मिळायची नाही!"

दादा गालावरचा साबण पुसत खाली बसले. आयुष्यभरात त्यांनी स्वतःसाठी एवढंच मागितलं होतं, आणि तेही मी घालवलं. मला फार वाईट वाटलं. त्या भरात बोलून गेलो, "दादा, तुमच्याऐवजी मी माझा देतो."

पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा, पुन्हा पाच कार्डं. या वेळी वर ठळक 'श्री'!

दादांचा मेंदू शेवटपर्यंत घरातच राहिला. माझ्यासाठीच्या पाचही संमत्या मात्र आठ दिवसांत आल्या. पहिली आत्याची: 'आमची काही हरकत नाही. मरेपर्यंत थांबायची गरज नाही, त्याला तसाही लागत नाही.'