न वाजलेला भोंगा

धरणावर त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. आठ दरवाजांचं ते धरण, आणि दरवाजे उघडायची-मिटायची बटणं त्याच्या हाताखाली. एकवीस वर्षं त्याने तीच खोली सांभाळली होती. खोलीत एक लोखंडी टेबल, पाण्याच्या पातळीचा काटा, नोंदवही, टेलिफोन आणि भिंतीवर भोंग्याचं लाल बटण. नियम साधा होता. काटा लाल रेषेला टेकला की तीनदा भोंगा द्यायचा, तासभर थांबायचं, मग एकेक दरवाजा हळूहळू वर घ्यायचा. त्या तासाभरात खालच्या वस्तीतली माणसं उंचावर जात. त्याचा भोंगा ऐकला की वस्तीतल्या बायका चुलीवरचं दूधही तसंच सोडून निघतात, असं त्याची बायको थट्टेने म्हणायची.

त्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काटा रेषेला टेकला. वरच्या डोंगरांत तीन दिवस पाऊस कोसळत होता, त्यामुळे त्याला नवल वाटलं नाही. त्याने भोंग्याकडे हात नेला आणि फोन वाजला.

"थांब. भोंगा देऊ नकोस," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

"साहेब, रेषा लागली."

"मला दिसतंय. खाली नव्या पुलाचं उद्घाटन आहे. राष्ट्राध्यक्ष अकरा वाजता येणार. तू भोंगा दिलास तर मैदान रिकामं होईल. कोणापुढे बोलणार ते? मी वर विचारून सांगतो."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. "मी स्वतः त्यांच्याशी बोललो. कार्यक्रम आटोपेपर्यंत पाणी धरून ठेवायचं. एक शब्द जास्त बोलू नकोस."

तो बोलला नाही. नोंदवहीत मात्र त्याने लिहिलं: सहा वीस, राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी आदेशावरून भोंगा व विसर्ग थांबवला, आदेश इंजिनिअरांनी फोनवर कळवला. सही केली. एकवीस वर्षांची सवय होती, हात आपोआप चालला.

त्याची मुलगी सतराची होती. राष्ट्राध्यक्षांवर फुलं उधळायला शाळेने ज्या मुली निवडल्या, त्यांत ती होती. सकाळी ती आरशासमोर वेणीला रिबीन लावत असताना तो कामावर निघाला, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. उशीर होत होता.

सव्वाबारापर्यंत पाणी दरवाजांच्या डोक्यावरून उड्या मारू लागलं. फोन आला तेव्हा इंजिनिअरसाहेबांचा आवाज फाटला होता. "उघड! आठही उघड! नाहीतर धरणच जाईल!" राष्ट्राध्यक्षांच्या गाड्या तोवर निघून गेल्या होत्या. त्याने एका हाताने भोंगा दाबला, दुसऱ्या हाताने दरवाजे उघडले. खाली मैदानातल्या लोकांना भोंगा ऐकू आला. नेहमीसारखा तीनदा नव्हे, एकच लांब भोंगा, म्हणून त्यांना वाटलं, हा समारंभाचाच भाग आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. शाळेच्या मुली बसची वाट पाहत नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून खाऊ खात होत्या. पाणी अठरा मिनिटांत पोचलं.

अडतीस माणसं गेली. त्यांत अकरा मुली. त्याची मुलगी दोन दिवसांनी सापडली. वेणी शाबूत होती, एवढंच त्याच्या बायकोने पुन्हापुन्हा सांगितलं, दुसरं काही तिच्या तोंडून निघेना.

चौकशी झाली. नोंदवहीतलं त्या दिवसाचं पान गायब होतं. अहवालात लिहिलं गेलं की ऑपरेटर कामावर झोपला, म्हणून भोंगा वेळेत वाजला नाही. राष्ट्राध्यक्ष दूरदर्शनवर डोळे पुसत म्हणाले, "एका बेजबाबदार माणसामुळे या लेकरांचा जीव गेला. मी त्याला सोडणार नाही." इंजिनिअरसाहेबांना बढती मिळाली. ऑपरेटरला चार वर्षांची शिक्षा.

तुरुंगात तो पहिले काही महिने भिंतीकडे तोंड करून बसायचा. आपण बटण दाबलं, हे खोटं नव्हतं. पण हळूहळू त्या दुःखाच्या जागी दुसरं काहीतरी मूळ धरू लागलं. राष्ट्राध्यक्षांचे ते डोळे पुसणारे हात त्याला दिसत. स्वच्छ, नखं कापलेली बोटं. त्या बोटांना बेडी पडलेली बघायची, एवढी एकच इच्छा त्याच्यात उरली. जेवण गोड लागायचं ते त्या विचारानेच. त्याने तुरुंगाच्या वाचनालयातलं घटनेचं पुस्तक इतक्या वेळा वाचलं की ग्रंथपाल म्हणाला, "घरी घेऊन जा बाबा, इथे दुसरं कोणी विचारत नाही."

सुटून आला तेव्हा बायको शिवणयंत्रावर पोट भरत होती. तो पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला आणि पहिल्याच महिन्यात कोर्टाची पायरी चढला. खटला दाखल होऊन आठ दिवसांत फेटाळला गेला. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटला चालत नाही. वरच्या कोर्टानेही तेच सांगितलं.

त्याची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई उंच, रोखठोक, आणि त्यांच्या खोलीत फायलींनी खुर्च्याही व्यापलेल्या. ऑपरेटर उभाच राहिला.

"याचा अर्थ त्याला कोणी हात लावूच शकत नाही?" त्याने विचारलं.

"संसद लावू शकते. महाभियोग चालवून दोन-तृतीयांश मतांनी त्यांना पदावरून काढलं, की कोर्टाचं दार उघडतं. विरोधक केव्हाचे टपलेत. पण त्यांच्याकडे आरोप आहेत, पुरावा नाही."

"मी आहे ना."

"तुम्ही शिक्षा भोगलेले गुन्हेगार आहात. तुमच्या शब्दाला संसदेत काय किंमत? मला असा माणूस हवा, ज्याने राष्ट्राध्यक्षांचा तो आदेश स्वतःच्या कानांनी ऐकला."

असा माणूस जगात एकच होता. इंजिनिअरसाहेब निवृत्त होऊन शहराच्या चांगल्या भागात राहत होते. दारापुढे छाटलेली झुडपं, फाटकाला पितळी पाटी. ऑपरेटर भेटायला गेला तेव्हा त्यांनी फाटकातूनच सांगितलं, "जे झालं ते झालं. माझ्या मागे लागू नकोस," आणि आत जाऊन कडी लावली.

भंगाराच्या दुकानात त्याला हाताने फिरवायचा एक जुना भोंगा मिळाला. जुन्या कारखान्यातला असावा. त्याने तो सायकलच्या कॅरिअरवर नटबोल्टने बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक सहा वाजून दहा मिनिटांनी तो इंजिनिअरसाहेबांच्या फाटकापुढे उभा राहिला आणि पूर्ण एक मिनिट भोंगा फिरवला. मग सायकलवर टांग टाकून कामाला निघून गेला.

रोज. पावसापाण्यात, थंडीत, सुट्टीच्या दिवशीही. शेजारी ओरडले, पोलिसांकडे तक्रार गेली. पोलिसांनी भोंगा जप्त केला, तर त्याने पंपाची पाती वापरून दुसरा बनवला. तोही गेला, तेव्हा तिसरा. पोलीस ठाण्यातला हवालदार वैतागून म्हणाला, "अहो, तुम्हाला दुसरा काही छंद नाही का?"

"आहे की. पण तो सुरू करायला तुमच्या राष्ट्राध्यक्षांना आधी खाली यावं लागेल."

एकदा त्याला तापाने ग्रासलं, उठवेना. पाचला जाग आली तेव्हा बायको साडीचा पदर खोचून सायकलची हवा बघत होती. मुलगी गेल्यापासून तिने या बाबतीत एक शब्द काढला नव्हता. कोर्टात येणं तर दूरच.

"तू कुठे चाललीस?"

"झोपा तुम्ही. मला फिरवता येतो तो."

परतली तेव्हा तिच्या तळहाताला फोड आले होते. तिने त्यांच्यावर फुंकर घातली आणि यंत्रावर बसली.

चौदाव्या महिन्यात इंजिनिअरसाहेबांची बायको फाटकाशी आली. "अहो, तुम्हाला दया कशी येत नाही?" तिने हात जोडले. "माझा नातू रोज दचकून उठतो. रडत उठतो."

"उठतो ना, वहिनी?" ऑपरेटरने भोंग्याचा दांडा सोडला नाही. "माझी उठली नाही."

ती आत गेली. घरातून तिचा चढलेला आवाज ऐकू आला, आणि थोड्या वेळाने इंजिनिअरसाहेब बाहेर आले. अंगात बनियन, हातात एक तपकिरी पाकीट. ते इतके खंगले होते की ऑपरेटरला क्षणभर ओळख पटेना.

"पान मी फाडलं होतं," ते खाली बघत म्हणाले. "त्यांनी जाळायला सांगितलं. मी ठेवून दिलं. उद्या मलाच बुडवायला निघाले, तर हातात काहीतरी असावं म्हणून."

ऑपरेटरने पाकीट उघडलं. आपलं अक्षर, आपली सही. त्या पानाने त्याची चार वर्षं वाचली असती. त्याला त्या माणसाची मान धरावीशी वाटली. त्याने पान परत पाकिटात घातलं आणि विचारलं, "संसदेत येऊन सांगणार?"

"सांगतो. पण तू उद्यापासून येऊ नकोस."

"सांगून झाल्यावर येणार नाही."

महाभियोगाची सुनावणी अकरा दिवस चालली. राष्ट्राध्यक्ष पहिल्या रांगेत बसत, काळ्या कोटात, शेजारच्याशी हळूच हसत. इंजिनिअरसाहेबांनी साक्ष देताना तो फोनवरचा आदेश जसाच्या तसा सांगितला: "दोन-चार तासांनी काय बुडणार आहे? मला माणसं समोर हवीत." तेव्हा ते हसू पहिल्यांदा थांबलं. ऑपरेटरने प्रेक्षकांच्या सज्जातून ते पाहिलं, आणि त्याला मनापासून बरं वाटलं.

शेवटी त्यालाही बोलावलं. राष्ट्राध्यक्षांच्या वकिलाने कोटाची बटणं लावत विचारलं, "दरवाजे कोणी उघडले?"

"मी."

"आठही?"

"आठही."

"मग या सभागृहाला सांगा, त्या अडतीस जणांचा जीव कोणी घेतला?"

ऑपरेटर राष्ट्राध्यक्षांकडे बघत होता, वकिलाकडे नाही.

"साहेब, मी चार वर्षं भोगून आलोय. माझं झालं. यांचं राहिलंय."

ठराव दोन-तृतीयांशांहून पाच मतं जास्त मिळून मंजूर झाला. आठवड्याभरात राष्ट्राध्यक्षांच्या दारावरचे पहारेकरी बदलले आणि दोन महिन्यांत आरोपपत्र दाखल झालं. माजी राष्ट्राध्यक्षांनी आपल्याला अजूनही संरक्षण आहे, असा अर्ज केला. वरच्या कोर्टाने तो तीन ओळींत निकाली काढला. त्या तीन ओळींची प्रत ऑपरेटरने घरी भिंतीवर चिकटवली.

खटला पावणेदोन वर्षं चालला. इंजिनिअरसाहेबही आरोपी होते, कारण पुरावा दडवल्याचं त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. शिक्षा ठरवण्याआधी न्यायाधीशांनी मृतांच्या नातेवाइकांना विचारलं, या आरोपीने सत्य सांगायला मदत केली, त्याबद्दल काही म्हणायचंय का? इंजिनिअरसाहेबांनी वळून ऑपरेटरकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. वकीलबाईंनीही त्याच्या कोपराला हलकेच स्पर्श केला.

तो उभा राहिला. "यांनी मदत केली, हे खरं. पण त्यांना दोन शब्द बोलायला चौदा महिने लागले. माझ्या मुलीला अठरा मिनिटं मिळाली, तीही कोणी सांगितलं नाही म्हणून वाया गेली. मला आणखी काही म्हणायचं नाही."

इंजिनिअरसाहेबांना दोन वर्षं झाली. बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "थोडं हात राखून बोलला असतात, तर त्यांची शिक्षा कमी झाली असती. शेवटी त्यांच्यामुळेच जिंकलो आपण."

"माहितीये," तो म्हणाला. त्या दिवसानंतर वकीलबाईंच्या वागण्यात थोडं अंतर आलं. त्याला ते जाणवलं, आणि त्याची त्याला फिकीर नव्हती.

माजी राष्ट्राध्यक्षांना नऊ वर्षं सक्तमजुरी झाली. निकाल ऐकताना त्यांनी एक हात छातीवर ठेवला आणि पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर शिपाई त्यांना घेऊन निघाले. ऑपरेटर वाटेतल्या कठड्याशी उभा होता. माजी राष्ट्राध्यक्षांच्या हातांत बेडी होती. बोटं तशीच स्वच्छ, नखं कापलेली. त्याने ती डोळे भरून बघितली.

"कोण तुम्ही?" माजी राष्ट्राध्यक्षांनी विचारलं. पावणेदोन वर्षं तो त्यांच्या मागच्याच बाकावर बसत होता.

"मी तिथे राहून आलोय, साहेब, जिथे तुम्ही चाललात," तो अगदी आदराने म्हणाला. "तिसऱ्या बराकीत नळाला पाणी पहाटे चारलाच येतं, अर्धा तास. तिथे कोणी तुमच्यासाठी पाणी धरून ठेवणार नाही. वेळेवर उठा."

शिपायाने तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं.

कोर्टातून तो चालतच घरी आला. बायको यंत्रावर कुणाच्या तरी परकराला घेर घालत होती. तिने पाय थांबवला.

"झालं?"

"नऊ वर्षं."

तिने दोरा दातांनी तोडला. "सगळी भोगेल?"

"वय झालंय म्हणून जामीन मागणार आहे. अपील चालेपर्यंत घरी राहू द्या म्हणतोय. सोमवारी सुनावणी आहे. मी विरोध करायला जाणार."

त्याला वाटलं, आता ती म्हणेल, पुरे झालं, बसा घरी. बरेच लोक तसं म्हणत होते. मेहुणा म्हणाला होता, डॉक्टर म्हणाले होते, सकाळपासून चार शेजारी म्हणून गेले होते.

तिने परकर घडी घालून बाजूला ठेवला. "त्याचं तोंड मी फक्त रस्त्यातल्या भिंतींवरच्या पोस्टरांवर पाहिलंय," ती म्हणाली. "सोमवारी किती वाजता निघायचं?"

"साडेआठला."

"मग आठला जेवू," असं म्हणून ती कपाटातून आपली बरी साडी काढायला उठली.