मधली तुकडी

केळव्याच्या आत्मारामला कुणी म्हटलं असतं की तुझं बायकोवर प्रेम नाही, तर त्याने त्या माणसाला वाडीतल्या सुपारीला बांधून ठेवलं असतं. प्रेम होतं, आणि चांगलं भरपूर होतं. फक्त ते तोंडाने सांगायची त्याच्या घरात रीत नव्हती. त्याचा बाप उभ्या जन्मात आईशी दोनच विषयांवर बोलला, एक वाडीचं पाणी आणि दुसरं जेवण.

त्यामानाने आत्माराम रसिक. त्याने एक युक्ती काढली होती. घरची पद्धत अशी, की आधी पुरुषाने जेवायचं आणि मग बाईने त्याच ताटात आपलं वाढून घ्यायचं. सुलू लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच चाललेलं. म्हणून मासळी असली की आत्माराम मधली जाड तुकडी ताटाच्या कडेला तशीच ठेवायचा, “पोट भरलं” म्हणून खोटा ढेकर द्यायचा आणि ओटीवर जाऊन बसायचा. सुलूला काय ते कळतं, अशी त्याची पक्की खात्री होती. एवढ्या भांडवलावर तो गावातल्या नवऱ्यामुलांना संसाराचे सल्लेही द्यायचा.

यंदा त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने, दिशाने, भलताच घाट घातला. ती बोईसरला कंपनीत नोकरीला. तिथल्या नव्या उंची हॉटेलात तिने आईबाबांसाठी टेबल राखून ठेवलं. मेनूकार्डाशी झटापट नको म्हणून जेवणही आधीच सांगून ठेवलं. “फक्त तुमी दोघं जायचं,” तिने बजावलं, “आनि बाबा, आईशी जरा गोड बोला.”

गोड बोलायचं या धसक्याने आत्माराम रिक्षात अख्खा रस्ता गप्प होता. हॉटेलात मंद दिवे, टेबलावर मेणबत्ती, काचेपलीकडे लांबवर कारखान्यांचे दिवे. सुलूने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि केसांत वाडीतली अबोली माळली होती. छान दिसत होती. हे आत्मारामला सांगायचं होतं, पण तो म्हणाला, “पंखा नाय वाटतं इथं.”

“एशी हाय,” सुलू म्हणाली.

सूप आलं. आत्मारामने संपवलं. सुलूचे हात मांडीवरच. “खा की,” तो म्हणाला. “तुमचं होऊ द्या,” ती म्हणाली. तिचं सूप होतं तसंच परत गेलं. मग दोन प्लेटींत भाजलेलं पापलेट आलं, वर लिंबाची फोड आणि कसलीशी पिवळी चटणी. आत्माराम जेवला. मधली तुकडी कडेला सारली, “पोट भरलं” म्हणाला आणि टेकून बसला. सुलूने हळूच हात पुढे केला, तेवढ्यात वेटर आला.

“सर, ले जाऊँ?”

आत्मारामने सवयीने मान हलवली. वेटरने सुलूकडे पाहिलं. “मॅडम, पसंद नहीं आया?”

परक्या माणसाला कसं सांगायचं, की मी नवऱ्याच्या ताटाची वाट बघतेय? सुलू लाजून नुसती हसली. वेटर दोन्ही प्लेटी घेऊन गेला. दोघं त्या प्लेटींकडे बघत राहिली.

“अगं, तुजी तुकडी गेली!” आत्माराम कळवळून म्हणाला.

“माजी कुठली?”

“मग कोनाची? येवढी वर्सं मी कोनासाठी ठेवतो?”

सुलू बघतच राहिली. “मला वाटायचं, तुमाला काटे काढायचा कंटाळा.”

“पन तू खायची ना?”

“मी कशाला खाऊ? पोरं असायची ना घरात. आदी शैलेशला द्यायची, मग दिशाला. आता शैलेशची पोर हाय, समिधा.”

आत्मारामचं तोंड उतरलं. पोरांनी, नातीने खाल्लं याचं दुःख नव्हतं. पण ज्या एका गोष्टीच्या जोरावर तो स्वतःला चांगला नवरा समजत होता, ती गोष्ट हिच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. ही वाढदिवसाच्या दिवशीही उपाशी उठणार होती आणि तो शेजारी ढेकर देत बसला होता. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

“ओ भाऊ!” त्याने इतक्या मोठ्यांदा हाक मारली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. “वो मच्छी फिर से लाव. एकच. मॅडम के सामने रखो.”

“अवो, लोक बघतात.”

“बघू दे. मी जेवलो. आता तू जेव, मी बसतो.”

गरम पापलेट आलं. सुलूने काटाचमचा बाजूला ठेवला आणि हाताने खायला लागली. आत्मारामने तिला असं समोर बसून जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. ती भराभर जेवत होती, आतून कुणी हाक मारील तर उठायला हवं अशी. “सावकाश गं,” तो म्हणाला, “कोन नाय बोलवत.”

तिचा हात मंदावला. कडेकडेचं खाऊन ती मधल्या तुकडीपाशी आली आणि थांबली.

“ती पन,” आत्माराम म्हणाला.

तिने एक घास तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले. “लय गोड हाय,” ती म्हणाली. “रोज अशीच लागते का हो मधली?”

“ठाव नाय,” आत्माराम म्हणाला.

आणि खरंच त्याला ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यानेही ती कधी खाल्ली नव्हती. सुलूला ते उमगलं तशी तिने उरलेली तुकडी बोटांनी मोडली, अर्धी त्याच्याकडे सारली, आणि दोघं पहिल्यांदाच एका ताटात एका वेळी जेवली.