पोवळ्याच्या रंगाचा हॉल

परवा नातीने फोनवर एका कोरल रंगाच्या भिंतीचा फोटो दाखवला. "आजी, इट्स सो यू." मी म्हटलं, बाई गं, त्या रंगात मी एकदा बुडून वर आलेय.

सिडनीजवळ केलीव्हिलचं घर घेतलं तेव्हा मी चाळिशीची होते आणि अक्कल साधारण बारावीतल्या मुलीची. त्याआधी सात वर्षं पॅरामॅटात भाड्याने राहिलो. खिळा ठोकायचा तरी एजंटची परवानगी. पांढऱ्या भिंती बघून वाटायचं, आपण संसार करतोय की ऑपरेशनची वाट बघतोय. त्यात सासूबाई इथे पहिल्यांदाच येणार होत्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्यांनी माझ्या कशालाच 'छान' म्हटलं नव्हतं. पोळीला 'बरी', नोकरीला 'असू दे'. निदान घराला तरी त्यांच्याकडून छान म्हणवून घ्यायचं, असा मी चंग बांधला.

युक्ती माझ्या मते फारच हुशारीची होती. मंगळागौरीला सासूबाईंनी मला पोवळ्याच्या रंगाची रेशमी साडी दिली होती. मला ती मुळीच आवडायची नाही, पण त्यांच्या आवडीची म्हणून जपलेली. तिचा न शिवलेला ब्लाउजपीस घेऊन मी रंगाच्या दुकानात गेले, पुण्यात मॅचिंग सेंटरला जावं तशी. काउंटरवरच्या माणसाने तो मशीनखाली धरला आणि म्हणाला, आधी छोटा डबा ने, भिंतीवर एक पट्टा मार, सकाळ-संध्याकाळ बघ. मी मनात हसले. अस्तर घेताना मी कधी दोन दिवस थांबले नव्हते, आणि हा मला रंग शिकवतोय.

नवरा म्हणाला, एकच भिंत करू. अर्धवट कामं तुमच्या घराण्यात चालत असतील, असं सुनावून मी लाँग वीकेंडला चारही भिंती रंगवल्या. छत वाचलं, कारण माझा हात पोचत नव्हता.

हॉल पश्चिमेचा. आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, ऊन आत शिरलं की सोफा, नवरा, दहीभात, सगळं भगभगीत एकाच रंगाचं. सासूबाई आल्या, चौफेर बघितलं आणि "हं" म्हणाल्या. मग चार दिवस दुपारचा चहा घेऊन गराजमध्ये जाऊन बसायच्या. तिथे गार वाटतं म्हणे.

पाचव्या दिवशी मला राहवेना. मी त्यांच्या मागोमाग गराजमध्ये गेले. "आई, हॉलचा रंग ओळखलात का? तुम्ही मंगळागौरीला दिलेली साडी."

त्यांनी कप खाली ठेवला. "ती होय. ती मला जाऊबाईंनी दिली होती. डोळ्यांत खुपायची, म्हणून तुझ्याकडे सरकवली."

मला पण नाही आवडत, हे माझ्या तोंडून निसटलंच. त्या इतक्या हसल्या की मी त्यांच्या पाठीवर हात फिरवायला धावले.

"मग काढून टाक की," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "घर छान आहे गं. त्या बाईला कशाला आत घेतलंस?"

शनिवारी मी त्याच दुकानातून पांढरा रंग आणला. सासूबाई हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या. पहिल्या हातात खालचा रंग डोकावतच राहिला.

"खिडकीपाशी जाऊबाई अजून दिसतायत," त्या म्हणाल्या, आणि मी रोलर पुन्हा बुडवला.