कापलेले दोन मार्क

माझ्या आत्याला घरात सगळे ‘तागडी’ म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची टाप कोणाची! तिच्या हातात दोन टोमॅटो दिले तर त्यातला बरा कुठला हे ती सांगणार, आणि दोन भाऊ दिले तर तेही सांगणार. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांचा नंबर दुसरा होता, आणि भाऊ दोनच होते.

असं माणूस शिक्षण खात्यात लागावं आणि त्याच्या वाट्याला नेमकं तुलनेचंच टेबल यावं, याला योग म्हणतात. आमच्या भागात सरकारी माध्यमिक शाळा चार. एक मोठी शाळा, एक बाजारातली, एक नदीपलीकडची आणि एक बस डेपोजवळची. दरवर्षी आत्या चारही शाळा फिरून गुण द्यायची आणि त्यांचा क्रम ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागायचा. त्या दिवशी फळ्यापुढे पालकांची झुंबड उडायची. मोठी शाळा पहिली आली की लोक आपल्या पोरांनीच काही दिवे लावल्यासारखे खूश व्हायचे. मोठ्या शाळेत एका बाकावर चौघं बसत आणि मागच्या रांगेला फळा दिसतच नसे, पण पहिली ती पहिली.

आत्याची तपासणीची पद्धत ठरलेली होती. नळ सोडून बघायचा, बाकांवर बोट फिरवून धूळ बघायची, प्रयोगशाळेतली काचेची नळी उजेडात धरायची, भिंतींवरचे तक्ते बघायचे. मुलं काय शिकतात असाही एक रकाना होता. पण तो सगळ्यात शेवटी होता आणि आत्या तिथे पोचेपर्यंत मधली सुट्टी झालेली असायची. “मी माणसं बघत नाही, काम बघते,” असं ती छातीठोकपणे सांगायची. त्यातलं पहिलं अर्धं अगदी खरं होतं.

पंचाईत अशी की तिचा नवराच डेपोजवळच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. माझे आतोबा. बाकीच्या शाळांतून चित्रकलेचं पद केव्हाच रद्द झालं होतं. इथे ते राहिलं, कारण रद्द करायची कोणाला आठवण झाली नाही. भिंतींना ओल, खिडकीबाहेर बसगाड्यांचे भोंगे, आणि त्या गोंगाटात आतोबा हळू आवाजात सावली कशी पडते ते सांगायचे. मीही त्याच शाळेत शिकले. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. घराण्यात एक तटस्थ माणूस पुरे आहे.

खात्याचा नियम असा होता की सलग तीन वर्षं शेवटची आलेली शाळा बंद. डेपोची शाळा दोन वर्षं शेवटची आली होती. तिसऱ्यांदा आली असती तर मुलं मोठ्या शाळेत कोंबली गेली असती आणि आतोबा ‘अतिरिक्त’ ठरले असते. हा खात्याचाच शब्द. सगळं आयुष्य एका वर्गात घालवलेल्या माणसाला एका सहीत जास्तीचा ठरवता येतं, आणि त्यांना तर दुसरं काही करता येत नव्हतं, करायचंही नव्हतं.

त्या वर्षी तपासणीच्या आधी एका रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली होती. बाबांनी जरा धीर केला.

“ताई, यंदा भावजींच्या शाळेचं बघ की जरा.”

“बघतेच आहे,” आत्या म्हणाली. “आपलं माणूस आहे ना तिथे, म्हणून दरवर्षी दोन मार्क मी आधीच कापून ठेवते. उद्या कोणी बोट दाखवायला नको.”

आईचा वाढता हात तसाच राहिला. “कापून?”

“मग काय, वाढवून देऊ?”

आतोबा पाणी पीत होते. “बरोबर आहे तिचं,” ते म्हणाले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. आत्याने त्यांच्या पाठीवर थोपटलं. नवरा म्हणून ती त्यांची फार काळजी घ्यायची, त्याबद्दल वाद नाही.

आता तक्त्यांविषयी सांगायला हवं. आतोबा कापडावर रंगवून मोठमोठे तक्ते करायचे. हात कसे धुवावेत, भिंग कसं धरावं, पचनसंस्था, रस्ता कसा ओलांडावा. आणि प्रत्येक तक्त्यात एक बाई असायची. अंबाडा, गोल चष्मा, डाव्या भुवईवर तीळ. हुबेहूब आत्या! पचनसंस्थेच्या तक्त्यात तर पोट उघडं टाकून, आतडी दाखवत, चष्मा लावून ती करारी चेहऱ्याने उभी होती. आम्ही पोरं हसून लोळायचो. साऱ्या जगाला ते दिसत होतं, फक्त आत्याला दिसत नव्हतं. ती तक्ता बघायची म्हणजे कापड फाटलंय का आणि खिळा पक्का आहे का, एवढंच बघायची. आम्ही आतोबांना विचारलं तर म्हणायचे, “दिसेल तेव्हा दिसेल.”

पण हे तक्ते डेपोच्या शाळेत राहायचेच नाहीत. बाकी तीन शाळा ते तपासणीपुरते म्हणून मागून न्यायच्या आणि परत द्यायचं विसरायच्या. भिडेखातर आतोबा मागायचे नाहीत. त्यामुळे तक्त्यांच्या रकान्यात तिन्ही शाळांना पैकीच्या पैकी, आणि जिथे ते रंगवले जायचे तिथे भोपळा.

“यंदा तरी आपले तक्ते आणा हो,” मुख्याध्यापिका त्यांना काकुळतीने म्हणाल्या. आतोबा टेम्पो घेऊन गेले. मोठ्या शाळेच्या दारात पोचले तर लहान वर्गातल्या पोरी हात धुवायच्या तक्त्यासमोर रांगेत उभ्या राहून चित्रातल्या बाईसारखी बोटं चोळत होत्या. आतोबा टेम्पो रिकामाच घेऊन आले. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. भलेपणा करावा, पण आपल्याच शाळेवर बेतेल इतका करू नये.

निकाल लागला. डेपोची शाळा एका मार्काने शेवटची आली. फळ्यापुढे उभं राहून बाबांनी मनातल्या मनात कापलेले दोन मिळवून पाहिले आणि ते घरी आले. आत्या मात्र ताठ मानेने वावरत होती. स्वतःच्या नवऱ्याची शाळा बंद करून दाखवली, याहून नि:पक्षपाती कोण असणार?

बंद होणाऱ्या शाळेचं सामान जमा करून घ्यायचं कामही तिच्याकडेच आलं. आतोबांचे ब्रश बांधायला मी गेले होते. डेपोच्या शाळेचा शिक्का असलेली प्रत्येक वस्तू परत यायला हवी, असा आत्याचाच हुकूम होता. दुपारी मोठ्या शाळेचा शिपाई तिन्ही शाळांतले तक्ते टेम्पोत घालून आला आणि त्याने ते सगळे सभागृहात भिंतीला ओळीने टेकवून ठेवले.

“हे तर तुमच्याकडचं सामान,” आत्या म्हणाली. “इथे का आणलंत?”

“इथलंच आहे, मॅडम. मागे शिक्का बघा. सरांनीच काढलेत.”

आत्याने शिक्का पाहिला. मग पहिल्यांदाच तिने पुढची बाजू पाहिली. हात धुणारी, भिंग धरणारी, रस्ता ओलांडणारी, पोट उघडून उभी असलेली. सभागृहभर तीच होती. तिचा हात आपसूक डाव्या भुवईकडे गेला.

“ही... मी आहे?”

शिपाई ओशाळला. “आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत असेल. सगळ्या शाळांत हेच बोलतात ना, की मॅडमचं चित्र लावा, मार्क पक्के. म्हणून तर आम्ही ते परत देत नव्हतो.”

आत्या बाकावर बसली. कोणी बोट दाखवू नये म्हणून तिने घरच्या माणसाचे मार्क कापले होते, आणि सगळा गाव तिच्याकडे बोट दाखवतच होता.

आतोबा वर्गातून हात पुसत आले. तिने त्यांना विचारलं, “अहो, माझंच चित्र का काढायचं सगळीकडे?”

“मला बाईचा दुसरा चेहरा येतच नाही,” आतोबा म्हणाले. “प्रयत्न केला होता मी. शेवटी तुझ्यावरच येतं.”

“दोन मार्क कापले मी तुमचे.”

“माहीत आहे की. जेवताना सांगितलंस.”

त्यावर आत्या रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. आतोबांनी बेरंग झालेलं फडकं पुढे केलं. तिने त्यालाच डोळे पुसले आणि कपाळावर हिरवा रंग लावून घेतला.

अतिरिक्त शिक्षकाला खात्यात कुठेही बसवतात. आतोबांना आत्याच्याच ऑफिसात बसवलं, तुलनेच्या कागदावर रकाने आखायला. पुढच्या वर्षी तीन शाळांत नदीपलीकडची शेवटची आली, कारण कोणीतरी शेवटचं यायलाच हवं. त्या वर्षी आत्याने कोणाचेच मार्क कापले नाहीत. कापायला आपलं माणूस आता कुठल्याच शाळेत नव्हतं.